इंधन तपासलं होतं

ऐका तर. हे माझ्या थोरल्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय, आणि त्याने ते फक्त मला सांगितलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात तो मेकॅनिक होता. दोन माणसांची, तीन चाकांची छोटी विमानं. गुरुवारची रात्र, पावणेबारा. चौकशीला आलेल्या साहेबांचा फोन आला, "देखभालीची वही सकाळी सहाला हवी." वही हँगरमध्ये, विमानं ठेवायच्या शेडमध्ये. हा स्कूटर काढून निघाला.

चौकशी कसली? बारा दिवसांपूर्वी एक शिकाऊ मुलगी एकटी उडाली होती. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली तोच इंजिन बंद पडलं, आणि विमान धावपट्टीच्या टोकाला आपटलं. मुलगी गेली. टाक्या फुटून इंधन सांडलं, पुरावा उरला नाही. सगळे म्हणाले, नवखी होती, गडबडली.

खरं काय ते मेहुण्याला ठाऊक होतं. रोज सकाळी टाकीतलं थोडं इंधन काढून त्यात पाणी उतरलंय का, ते बघायचं असतं; पाणी असलं की इंजिन बंद पडतं. त्या दिवशी त्याने कंटाळा केला. वहीत नुसतीच सही ठोकली. निघताना पोरीने विचारलंही होतं, "काका, पाणी बघितलंत ना?"

"हो गं. निघ तू."

जबाबातही तेच सांगितलं, इंधन तपासलं होतं. बाहेर बाकावर तिचे वडील बसलेले. त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीचंच चुकलं का हो?"

"मी मान डोलावली रे," मेहुणा मला म्हणाला. बोलताना वर बघवत नव्हतं त्याला.

तर, हँगर. मोडकं विमान आतच ठेवलेलं. याने दिवा लावला, कपाट उघडलं, वही काखेत मारली. तेवढ्यात मागे खरखर झाली.

विमानाचा रेडिओ.

बॅटरी काढलेली. वायरी तुटलेल्या. तरीही...

"काका..."

हा मागे वळला.

"काका, पाणी बघितलंत ना?"

तोच आवाज. रागावलेला नव्हता. साधा. घाईतला.

दार दहा पावलांवर. पाय उचलेना.

"काका...?"

"नाही. नाही बघितलं, पोरी."

खरखर थांबली.

पहाटेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. सहाला साहेब आले, तेव्हा वही त्यांच्या हातात देऊन सगळं सांगून टाकलं. साहेबांनी वही उघडून त्या दिवसाची सही बघितली. मग म्हणाले, "तिच्या वडिलांना तुम्ही स्वतः सांगा." सांगितलं त्याने. दार तोंडावर बंद झालं. पुढे लायसन गेलं, खटला झाला. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही त्याने.

पण त्या सकाळचं एक राहिलं.

अपघातापासून धावपट्टी बंद होती. कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं तिकडे. साहेब आणि हा हँगरबाहेर आले, तर रात्रभर पडलेल्या दवात चाकांच्या तीन रेघा. ताज्या. सरळ. दोघे रेघांच्या कडेकडेने चालत गेले.

मध्यावर, विमानं जिथे जमीन सोडतात तिथे, रेघा संपल्या.

पुढे टोकापर्यंत नुसतं दव... न मोडलेलं.