नखभर जास्तीचा दोरा

भूगोलाच्या खोलीत लीना पृथ्वीचा गोल पुसत होती. गोल फिरला, आफ्रिका सरकली आणि पलीकडे एक अनोळखी चेहरा उगवला.

"माफ करा बाई... मुंबई ते लंडन विमानाला किती वेळ लागतो?"

हा नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा सुमंत. साखर कारखाना त्याला यंत्रं शिकायला दोन वर्षं विलायतेला धाडत होता, तेही नव्यानं सुरू झालेल्या विमानानं! अन् आई अडून बसलेली – वाटेत दशम्या किती दिवसांच्या बांधू, ते आधी सांग. नगरच्या मुलींच्या शाळेत मोठा गोल आहे असं कुणीसं म्हणालं, म्हणून स्वारी इथं.

नव्या भूगोलाच्या बाईंनी, म्हणजे लीनानं, दोरा घेऊन गोलावर ताणला. साडेचार हजार मैल. "दीड दिवस धरा," ती ऐटीत म्हणाली.

झालं, विषय संपायला हवा होता. पण पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. "विमान कैरो, जिनिव्हा करत जातं म्हणे... तेवढं धरलंत का?" पुन्हा दोरा. तिसऱ्या शनिवारी निराळंच – तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे, मग ते तास प्रवासात धरायचे की नाही? लीनानं मिळवले, वजा केले, परत मिळवले. डोक्याचा पार भुगा झाला.

याला नक्की अंतरच हवंय, की आणखी काही? विचारावं, तर नसतंच काही निघालं म्हणजे? न विचारावं, तर हा चाललाच. जीव नुसता टांगणीला!

मंगळवारी तो आला. "परवा निघतोय. शेवटचं एकदा मोजता?"

लीनानं दोरा धरला. सुमंत वाकला. डोकी आदळता आदळता राहिली.

"बाई, एक बोलू? दर वेळी तुमचा दोरा नखभर जास्त भरतो. टोक मुंबईवर नसतंच. इथं, जरा आत असतं."

अगं बाई, खरंच की! गोलावर नगरचं नावही नव्हतं, पण तिचं बोट नेमकं तिथंच. लीनाची कानशिलं तापली.

"विमान मुंबईहून सुटतं, कळतं मला," ती पुटपुटली. "पण तुम्ही... तुम्ही इथूनच लांब जाणार ना? माझ्यापासून."

बोलून गेली अन् तिनं जीभ चावली.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," सुमंत म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर पुन्हा कशाच्या निमित्तानं आलो असतो?"

"आणि दशम्या?"

"आईनं तेव्हाच ठरवल्या. आठ दिवसांच्या! विमानावर तिचा काडीचा विश्वास नाही."

लीनाला हसू आलं, अन् डोळेही भरले.

"आता परतीचं मोजा," तो हळूच म्हणाला.

तिनं टोक लंडनवर ठेवलं. दोरा मुंबईला पोचला तशी ती थांबली, त्याच्याकडे पाहू लागली.

"थांबलात का? मला अजून नखभर यायचंय."