हेखालची देवखोली

२००८ च्या दिवाळीआधी केशोरीत उमेंद्रचं नवं घर पुरं झालं. दारावरच्या काळ्या दगडातलं नाव त्याच्या आईने, सुलोचनाबाईने, अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि तिचं तोंड कडू झालं. हेखाल.

“हे काय कोरून ठेवलास रे?”

“ज्यूंच्या जुन्या भाषेतला शब्द आय, माय. कॉलेजातले फादर सांगत. देवळालेबी हेखाल, राजवाड्यालेबी हेखाल.”

“मंग आतमंदी राह्यते कोण? देव का राजा?”

“जो राह्यल तो.” उमेंद्र हसला.

“राज माहं राहील. अन् माहे देव असल्या नावाखाली येनार नाही.”

तिचा शब्द तो शब्द. तिने ‘हं’ म्हटल्याशिवाय चाळीस वर्षांत घरात कोणी घास उचलला नव्हता. देव जुन्या घरीच राहिले. नवी देवखोली, बिनखिडकीची, रिकामी राहिली.

नवं खायच्या दिवशी सून भूमेश्वरीने सवयीने नव्या तांदळाचं पहिलं ताट तिथेच ठेवलं आणि देव जेवताना पाहू नये म्हणून दार ओढलं.

अर्ध्या तासाने ताट चाटून साफ. काठावरून लाळेची जाड तार लोंबत होती. आटलेल्या बोडीत मासोळ्या सडाव्या तसा वास.

“मांजर असल,” सुलोचनाबाई नाकाला पदर लावून म्हणाली. “रिकाम्या जागी निवद ठेवते का कोणी? अक्कल गहाण ठेवलीस का?”

तिने ताट राखेने तीनदा घासलं. बुळबुळ जाईना. खोलीला कुलूप ठोकून किल्ली कमरेला खोवली.

दुसऱ्या दुपारी ती पाटावर बसली. “वाढ.”

भूमेश्वरी हलली नाही. “तिकडचं जेवन व्हायचं हाय, माय.”

“तिकडे कोण मेलं?”

उमेंद्र हात जोडून खाली मान घालून बसला होता. किल्ली कमरेलाच होती. देवखोलीचं दार उघडं होतं.

सुलोचनाबाईने जाऊन आत हात लावला. भिंत ओली, गरम. गालाच्या आतल्या बाजूसारखी.

आत कोणी नव्हतं. ताटही नव्हतं.

ती परतली तेव्हा ताट तिच्या पाटासमोर होतं. अर्धं खाल्लेलं. भात चघळून परत ठेवलेला, लाळेत तरंगता.

“आज त्यानं तुमच्यासाठी ठेवलन,” भूमेश्वरी हळूच म्हणाली.

“खा, माय,” उमेंद्र म्हणाला. “आमाले भूक लागून राहिली.”

सुलोचनाबाईने मान हलवून नाही म्हटलं.

पण घास तिच्या तोंडात आधीच होता, कोमट.