भोंग्याची खोली

घोडेगावचा जनावरांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या अलीकडे एका गावात दुसरा, लहान बाजार भरायचा. गावाचं नाव मी सांगणार नाही. साल एकाहत्तर. तिथे भोंग्याचं नवं मशीन बसवायचं काम माझ्याकडे आलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण पलटणीत असताना वायरिंगवर हात बसला होता. माझं काम दुसऱ्या कुणाला कधी उकलावं लागलं नाही.

मशीन जुन्या जकात नाक्याच्या दगडी खोलीत. खिडकी नाही. दार लोखंडी. वायरी बाहेर जायला दाराशेजारच्या भिंतीत मूठभर भोक. त्या बाजाराची एक रीत होती. बाजार सुरू झाला की मशीनवाल्याला आत बसवून बाहेरून कुलूप लावायचं. कारण साधं. कुणाचा बैल हरवला की धनी आत घुसायचा, माईक हिसकायचा आणि चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार चारही भोंग्यांतून व्हायचा. म्हणून कुलूप. काही पुकारायचं असलं तर भोकाशी येऊन सांगायचं. किल्ली बाजाराचे मुकादम काकासाहेब यांच्या कमरेला.

माझ्या आधी तिथे सूर्यभान बसायचा. आदल्या उन्हाळ्यात मशीन पेटलं आणि खोली धुराने भरली. तो माईकवर ओरडत राहिला. पण मशीनवरचा खटका रेकॉर्डच्या बाजूला होता. एका वेळी एकच चालायचं, रेकॉर्ड नाहीतर माईक. धुरात त्याला खटका सापडला नसावा. बाजार गाणं ऐकत राहिला. गाणं बंद पडलं तेव्हा दार उघडलं.

"माईक काही सोडला न्हवता त्यानं," काकासाहेब मला म्हणाले. "बोटं एकेक करून सोडवावी लागली."

मी दोन गोष्टी केल्या. एक रिले बसवला. माईकचं बटण दाबलं की रिले टक् वाजणार, रेकॉर्डचा आवाज तुटणार आणि भोंग्यात माईकचाच जाणार. खटका कुठेही असो. दुसरं, मशीन बिघडलं तर तांबडा दिवा लागणार. एक आत, एक बाहेर दारावर. रात्री दिवे लावून पाहिले. लख्ख.

दाराशेजारी भीमाबाईंची चहाची चूल होती. त्यांना मी बजावलं, "दिवा लागला की काकासाहेबांना हाक मारायची."

"आन् दूध उतू गेलं तर?"

"जाऊ द्यायचं."

"तुमच्या म्हशीचं हाय व्हय?" त्या म्हणाल्या. पण मान हलवली.

बाजाराच्या दिवशी काकासाहेब कुलूप हातात धरून घुटमळले. "दानीएलमामा, आज ऱ्हाऊ द्यावं का उघडं?"

"लावा. मशीन माझ्या हातचं हाय."

कुलूप लागलं.

दुपार तापली. दगड तापले. रेकॉर्ड चालू होती. एक गाय सुटल्याचं मी पुकारलं, रिलेने चोख काम केलं. माईक टेबलावर ठेवला आणि घाम पुसला.

टक्.

रेकॉर्ड थांबली. मी माईकला हात लावला नव्हता. बाहेरच्या भोंग्याचा आवाज भोकातून आत येत होता. त्यात कुणीतरी श्वास घेत होतं... ओढून, खरखरीत. मग टक्. गाणं पुढे चालू.

बटण चिकटलं असेल म्हणून मी माईकची वायर मशीनमधून उपटली. माईक मांडीवर घेऊन बटण पाहू लागलो.

टक्.

पुन्हा तो श्वास. या वेळी जवळ.

तेवढ्यात वार्निश जळाल्याचा वास आला. तांबडा दिवा लागला. मी मशीनवर तळवा ठेवला. दुपारभर चाललेलं मशीन रांजणासारखं थंड होतं. धूर दिसत नव्हता, पण माझा घसा मिटत चालला. मशीन बंद करावं, तर बाहेरचा दिवाही विझला असता. तो एकच निरोप बाहेर जात होता.

मी दारावर मुठी आपटल्या. "भीमाबाई! दिवा बघा!"

छपरावरच्या भोंग्याच्या गाण्यात माझी हाक बुडाली. भोकातून पाहिलं. त्या दिव्याखालीच बसल्या होत्या, कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून. समोरून ऊन दारावर आदळत होतं. त्या उन्हात तो दिवा लागलेला दिसणारच नव्हता. मी तो रात्री तपासला होता.

वायर परत मशीनला जोडली. बटण दाबलं. रिले वाजला नाही. पुन्हा दाबलं. खटका फिरवला. रेकॉर्ड वाजतच राहिली. मी ओरडलो, घसा फाटेपर्यंत. बाहेर गाणं, बैलांच्या घुंगरांचा आवाज, दलालांची बोली.

मग पाय गेले. मी पडलो, तशी वायर सुटून माझ्याबरोबर आली. दाराच्या फटीला तोंड लावून मी श्वास शोधत होतो.

टक्.

गाणं थांबलं. भोंग्यांतून सावकाश आवाज आला. "काकासाहेब... दार उघडा... आत आमी दोघं हाय..."

धावती पावलं आली. कुलूप निघालं. मला बखोटीला धरून बाहेर ओढलं. मी थुंकलो, ती थुंकी काळी होती. खोली स्वच्छ होती, धुराची रेघ नाही. मशीनवर रेकॉर्ड परत वाजू लागली होती.

काकासाहेबांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "दुसरा कोन हुता?"

"मी एकलाच."

भीमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवाज वळखला न्हाई व्हय मुकादम तुमी?"

काकासाहेबांनी दार लोटलं आणि घाईघाईने कुलूप घातलं. मशीन बंद करायला आत जा म्हणून कुणी कुणाला म्हणालं नाही. आम्ही लिंबाखाली जाऊन उभे राहिलो. कुणीतरी मला पाणी दिलं. तांब्या घ्यायला हात पुढे केला तेव्हा कळलं, माईक अजून माझ्या मुठीत होता, वायर मातीत लोंबत होती.

तेवढ्यात गाणं थांबलं.

सगळा बाजार मान वर करून भोंग्यांकडे पाहू लागला. लोखंडी दार आतून वाजवल्याचा आवाज चारही भोंग्यांतून येत होता. एकसारखा... जोराने.

समोर, उन्हात, दारावरचं कुलूप जरासुद्धा हलत नव्हतं.