झौणीच्या कुंडातले ट्राउट

झौणीच्या धबधब्यावरच्या कुंडात ट्राउट मासे अजून जिवंत आहेत का ते बघायचं, असले तर धरायचे आणि जिवंत खाली आणून तीर्थन नदीत सोडायचे, एवढ्या एका कामासाठी तिघं जणं चैत्र सरता सरता रोपाधार गावातून निघाली.

गेल्या श्रावणात वरच्या डोंगरात ढग फुटला आणि तीर्थनला असा लोंढा आला की नदीने आपलं पात्रच बदललं. घराएवढे धोंडे गडगडत खाली आले. गाळाने माशांचे कल्ले बुजले. पाणी ओसरलं तेव्हा काठाच्या झुडपांत सोनेरी पोटाचे, तांबड्या ठिपक्यांचे ट्राउट अडकून पडले होते, आणि त्यानंतर नदीत एक शेपटी हललेली कुणी पाहिली नव्हती.

त्याच लोंढ्यात टेकचंदही गेला. पलीकडच्या काठावर गाय बांधलेली होती, तिचं दावं कापायला तो उतरला होता. गाय वाचली.

टेकचंद म्हणजे कुंदनाचा नवरा. दोघं मिळून बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना नदीवर मासेमारीला न्यायची. गळाला पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला ती खरीच वाटावी, ही कला कुंदनाला तिच्या बापाने, नूपरामने शिकवली होती, आणि अख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण श्रावणापासून तिने मासेमारीची काठी हातात धरली नव्हती. पाणीसुद्धा ती नदीचं आणत नसे. अर्धा डोंगर चढून झऱ्यावरून आणायची.

गावाच्या बैठकीत ठरत आलं होतं की नदीत आता तळ्यात वाढवलेले परके मासे आणून सोडावेत. नूपराम उठून म्हणाला, "सोडा. पण आधी मला एकदा झौणीला जाऊन येऊ द्या. माझ्या बापाने तिथे दुधाच्या कॅनमधून ट्राउट चढवले होते. लोंढा त्या नाळेत, त्या ओढ्यात आला नव्हता. आपलेच मासे वर असतील तर परके कशाला?"

"आपले?" मागून कुणीतरी हसलं. "ते तरी कुठले आपले? गोऱ्या साहेबांनीच आणलेले."

"शंभर वर्षं हेच पाणी प्यायलेत. आता कुणाचे म्हणायचे?" नूपराम म्हणाला.

त्याचे गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती. एकटा तो जाणं शक्यच नव्हतं. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा कुंदना चुलीपुढे बसून ऐकत होती. "मी येते," ती म्हणाली. "ओझं उचलीन. पाण्यात उतरणार नाही."

तिसरा गेहरू, कुंदनाचा मामा. चणीने बारका, जिभेने लांब, आयुष्यभर मेंढ्यांमागे हिंडलेला. वरची वाट त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. मामा-भाचीने एकेक किल्टा पाठीला लावला. किल्टा म्हणजे तिकडची पाठीवरची निमुळती टोपली. तिच्यात दुधाचा रिकामा कॅन, वर घोंगड्या आणि अक्रोड भरलेल्या वाफवलेल्या रोट्या, सिड्डू. नूपरामकडे फक्त मासेमारीची काठी, चालायची काठी आणि खांद्यावर दोराचं वेटोळं.

पहिल्याच टप्प्यावर अडचण उभी राहिली. झौणी नाळेवरचा पूल हिवाळ्यात बर्फाच्या भाराने मोडून पडला होता. त्याच्या जागी देवदाराचा एक ओंडका आडवा पडला होता, ओला, शेवाळलेला. खालून पाणी फेसाळत होतं. गेहरू बकरीसारखा पलीकडे गेला. नूपराम बसून, सरकत सरकत गेला. कुंदना मात्र काठावरच उभी राहिली. तिचे पाय उचलेनात.

"पाण्याकडे बघू नकोस," मामा पलीकडून म्हणाला. "माझ्याकडे बघ. एवढं देखणं तोंड या रानात दुसरं नाही."

ती हसली नाही, पण निघाली. नजर मामाच्या टोपीवर ठेवून, एकेक पाऊल तोलत, ती पलीकडे पोचली.

दुसऱ्या दिवशी वाट कड्याला चिकटली. बुरांसची झाडं लाल फुलांनी लगडली होती, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? कड्यापुढे नाळ अरुंद होत गेली आणि तिच्यावर हिवाळ्याचा बर्फ अजून पुलासारखा पसरलेला होता. खालून पाणी घुमत वाहत होतं. गेहरूने काठीने बर्फ ठोकून बघितला. आवाज भरीव आला.

"नीट ऐका," तो म्हणाला. "सकाळी हा बर्फ सख्ख्या भावासारखा असतो. दुपारी मेहुण्यासारखा."

"माझा मेहुणा तूच आहेस," नूपराम म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय, जीजा. भरवसा ठेवू नका."

बर्फ ओलांडून, धबधब्याच्या बाजूची कपार चढून ते वर पोचले, तेव्हा ऊन नुकतंच कुंडात उतरत होतं. तिन्ही बाजूंनी कडे, मधे हिरवंगार, खोल, संथ पाणी. कडेला बर्फाच्या कडा. नूपराम एका दगडावर बसला आणि पाण्याकडे कान देऊन राहिला. नजरेने न दिसणारं तो ऐकून ओळखू पाहत होता.

पाणी जरा तापलं तशा दगडांखालून बारीक करड्या माश्या वर येऊ लागल्या. पंख वाळवत त्या पाण्यावर तरंगत राहिल्या. आणि मग कड्याच्या सावलीत पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. त्याच्या शेजारी आणखी एक!

"आहेत," कुंदना हळूच म्हणाली.

"कुठे? कुठे दिसला?"

"पलीकडे, कड्याला लागून."

नूपरामने काठी सरसावली. पण मागे कडा होता. गळाचा दोर मागे फेकला की तो खडकात अडके. त्याने तीनदा फेकला, तिन्ही वेळा पिसांची माशी कपारीत जाऊन बसली. चौथ्यांदा दोर पाण्यात धपकन पडला आणि वर्तुळं थांबली. म्हाताऱ्याने काठी खाली केली. फेकायला मोकळी जागा एकच होती. कुंडाच्या मधोमध, कमरेएवढ्या पाण्यात.

त्याने मुलीकडे बघितलंही नाही. मासे नाहीत असं गावाला सांगायचं, एवढंच त्याच्या मनात चाललं असावं. कुंदनाला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं. ती बराच वेळ पाण्याच्या कडेला बसून राहिली. मग तिने पायातल्या चपला काढल्या, अंगावरचं लोकरीचं वस्त्र, पट्टू, सोडून दगडावर ठेवला आणि बापाच्या हातातून काठी घेतली.

पाणी हाडांपर्यंत झोंबलं. गुडघ्याशी आलं तेव्हा तिचा श्वास अडकला. मांड्यांशी आलं तेव्हा तिला टेकचंदचा हात दिसला, दावं कापून वर केलेला, आणि मग न दिसलेला. तिने डोळे मिटून घेतले. पायाखालचे गोटे चाचपत ती तशीच उभी राहिली. पाणी तिला कुठे ओढत नव्हतं. ते नुसतं तिच्या अंगावरून जात होतं.

तिने डोळे उघडले. दोर मागे गेला, हवेत लांब ताणला गेला, पुढे आला. करडी माशी सावलीच्या कडेवर अशी उतरली की पाण्याला सुरकुती पडली नाही. क्षणभर काहीच नाही. मग पाणी फुटलं, काठी वाकली!

"दोर ढिला सोडू नकोस," नूपराम काठावरून म्हणाला.

मधूनमधून काठावर ऊन खात, दुपार उतरेपर्यंत ती पाण्यात होती. गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला होता, त्यामुळे माशाला इजा होत नव्हती. एकेक ट्राउट ओल्या हातांनी ती मामाकडे द्यायची आणि तो काठाशी दगड रचून केलेल्या कोंडाळ्यात सोडायचा. नर होते, माद्या होत्या. कॅनमध्ये श्वास घेऊ शकतील एवढे झाले तेव्हा ती बाहेर आली. ओठ निळे पडले होते. नूपरामने तिचे पाय चोळायला सुरुवात केली. ती लहान असताना चोळायचा तसे.

पहाटे बर्फ कडक असतानाच नाळ ओलांडायची असं ठरलं होतं. पण उजाडलं ते ढगाळ. रात्री थंडी पडलीच नव्हती. हवा उबदार, दमट होती.

"आज थांबू या," गेहरू म्हणाला. "हा बर्फ भिजलेला असणार."

"आणि पाऊस कोसळला तर?" नूपराम म्हणाला. "मग नाळ चढेल. आठ दिवस इथेच बसावं लागेल. खायला दोन दिवसांचं आहे."

दोघांचंही खरं होतं. शेवटी कॅन भरले, मासे घेतले आणि निघाले. कपार उतरून बर्फाशी आले तेव्हा थेंब पडायला लागले होते. गेहरू किल्ट्यासह पुढे झाला. काठीने ठोकत ठोकत अर्ध्यावर गेला. मागे वळून त्याने हात केला. यायला हरकत नाही, अशा अर्थाने.

तेवढ्यात बर्फ खचला.

आवाज फारसा झाला नाही. माणूस होता तिथे एक काळं भोक राहिलं. कुंदना किल्टा उतरवून धावली. काठावर पालथी पडून तिने आत डोकं घातलं. खाली गेहरू खडक आणि बर्फ यांच्या फटीत अडकला होता. पाणी त्याच्या छातीवरून जात होतं. त्याचा किल्टा फुटला होता, कॅन वाहून गेला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"मामा!"

"आहे," खालून आवाज आला. "पाय गेला बहुतेक."

दोर बापाकडे होता, बकरीच्या केसांचा. नूपरामने तो खडकाला गुंडाळला आणि पाय रोवून बसला. दुसरं टोक कमरेला बांधून कुंदना नाळेच्या कडेने खाली उतरली. बर्फाच्या छताखाली, पाण्यात. तिथे उजेड निळा होता आणि पाण्याच्या आवाजात स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. हे पाणी कुंडासारखं नव्हतं. ते ओढत होतं. पाय घसरला! दोर ताणला. ती पुन्हा उभी राहिली. मामाच्या काखेत हात घातला. पहिल्यांदा तो हलला नाही. दुसऱ्यांदा किंचाळला. तिसऱ्यांदा सुटला. वरून म्हाताऱ्याने ओढलं, खालून तिने लोटलं, आणि दोघं खालच्या अंगाच्या, वाटेकडच्या खडकावर येऊन पडली. मागे बर्फाचा उरलेला पूल धाडकन कोसळला. नूपराम कड्याच्या कडेने चिकटत, रांगत त्यांच्यापाशी खाली आला. पाठीवर तिचा किल्टा होता आणि किल्ट्यात मासे.

गेहरूचे दात वाजत होते. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. कुंदनाने त्याचे ओले कपडे काढून किल्ट्यातला आपला कोरडा पट्टू त्याला गुंडाळला. मोडलेला पाय मासेमारीच्या काठीला बांधला. पाऊस वाढत होता.

"तू मासे घेऊन जा," नूपराम मुलीला म्हणाला. "मी याच्याजवळ बसतो. गावातून माणसं घेऊन ये."

"माणसं यायला उद्या दुपार होईल. मामा तेवढा टिकणार नाही."

"त्यात जोड्या आहेत, कुंदना. एवढेच उरलेत."

"बापू," ती म्हणाली, "किल्टा एकच आहे."

नूपराम कॅनकडे बघत राहिला. मग तो स्वतःच पुढे झाला. तिने कॅन उचलू नये म्हणून त्याने हाताने थांबवलं आणि खालच्या डोहाच्या कडेला बसून कॅनचं तोंड पाण्याखाली तिरपं केलं. एकेक मासा बाहेर सरकला. क्षणभर पाण्याच्या धारेकडे तोंड करून थांबला आणि दगडांच्या सावलीत नाहीसा झाला. शेवटचा गेल्यावर म्हाताऱ्याने कॅन उपडा करून झटकला. नंतर मेहुण्याजवळ येऊन त्याने कमरेच्या दराटाने, कोयत्याने, किल्ट्याची एक बाजू कापली. बसणाऱ्याचे पाय बाहेर राहावेत एवढी.

कुंदनाने मामाला किल्ट्यात बसवून पाठीवर घेतलं. वाट ओली होती. कड्यावर तिने खडकाला गाल चिकटवून पावलं टाकली. नूपराम पुढे होता, काठीने दगड चाचपून सांगत होता, "इथे ठेव. इथे नको." मामाचा आवाज मधूनमधून कानाशी यायचा.

"मी जड आहे का गं?"

"ट्राउटपेक्षा जास्त. गप्प बस."

"ट्राउट बोलत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा."

मग तो बोलायचा थांबला. ती घाबरली. "मामा, बोल काहीतरी." तो काहीतरी पुटपुटला आणि ती चालत राहिली.

ओंडक्यापाशी पोचले तेव्हा ओंडका नव्हता. चढलेल्या पाण्याने तो नेला होता.

नाळ रुंद झाली होती तिथे कुंदना खाली गेली. बापाची काठी रोवून पाण्याचा वेग बघितला. बापाने दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं आणि ती पाण्यात उतरली. पाणी कमरेच्या वर आलं. मामाचा पाय पाण्याला लागला तसा तो कण्हला. तिरपं, पाण्याला अर्धी पाठ देऊन, टेकचंदने पाहुण्यांना शिकवलं होतं तसं एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. मधे एकदा पाणी तिला उचलू लागलं. ती थांबली. वाकली. पुन्हा गोटा सापडला. पलीकडच्या दगडावर हात पडला! मग तिने दोर देवदाराला बांधला आणि बापाला ओढून घेतलं.

गाव दिसलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. शेतातली माणसं धावत आली. गेहरूला जीपमधून दवाखान्यात नेलं. पाय वाचला, जरा वाकडा बसला. मासे कुठे, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नंतर विचारलं तेव्हा नूपराम एवढंच म्हणाला, "आहेत. आणले नाहीत."

जेठ लागला. पाणी निवळलं. कुंदना काठी घेऊन एकटीच नाळेच्या वर गेली. ज्या डोहात मासे सोडले होते तिथे आता डोह नव्हता. कोसळलेल्या बर्फाने आणलेल्या दगडांनी तो भरून गेला होता. ती तिथे काही वेळ बसली आणि परत फिरली.

नाळ तीर्थनला मिळते तिथे ती पाणी प्यायला खाली उतरली. ओंजळ भरली आणि थांबली. मोठ्या धोंड्याच्या मागे, जिथे वेगाचं पाणी संथ पाण्याला घासून जातं, तिथे एक वर्तुळ उमटलं होतं. वाऱ्याने असेल, असं तिला वाटलं. वारा नव्हता. ते पुन्हा उमटलं.

ती पाण्यात उतरली. एकदाच फेकलं. काठी वाकली. ट्राउट हातभर नव्हता, वितीपेक्षा थोडा मोठा. सोनेरी पोट, तांबडे ठिपके. तिने तो पाण्यातच धरला, गळ सोडवला, आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याला हातांच्या ओंजळीत उभं केलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग हात रिकामे झाले.

नूपराम ओसरीवर बसून लोकर निवडत होता. ओल्या कपड्यांनी ती समोर येऊन उभी राहिली.

"बापू," ती म्हणाली, "संगमावर एक आहे."

त्याने लोकर खाली ठेवली. तोंडावरून हात फिरवला आणि भिंतीला धरून उठायला लागला.

"दिसणार नाही मला," तो म्हणाला. "पण चल. तू सांग कुठे आहे ते."