पिकअपचा वारा कुठे जातो?

"पडला बघ दोरा," सत्यम म्हणाला.

सकाळी निलंग्यात घरासमोरच्या कडुलिंबाखाली जिक्राचे अब्बा, मकबूल, पिकअपमध्ये गाद्या आणि ट्रंका चढवत होते, आणि जिक्रा नि शेजारचा सत्यम पुढे बसून एसीच्या जाळीकडे टक लावून बघत होते. जाळीला जिक्राने अम्मीच्या शिवणकामातला लाल दोरा बांधला होता. गाडी सुरू केली की तो आडवा फडफडायचा. मग हळूहळू मलूल व्हायचा आणि शेवटी सरळ खाली लोंबायचा.

"पण गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत उडतो," जिक्रा म्हणाली. "मिस्त्री म्हणतो तसा गॅस संपला असता तर आपोआप परत आला असता का?"

"मामाच्या गावाला जाऊन आला असंल."

जिक्रा हसली, पण हसू टिकलं नाही. तिच्या सहा वर्षांच्या भावाला, मुनीबला, जन्मापासून घामच येत नव्हता. ऊन लागलं की त्याचं अंग तव्यासारखं तापायचं. गेल्या उन्हाळ्यात तर त्याला आकडी आली होती. त्याला लातूरच्या दवाखान्यात न्यायला गारवा हवा, म्हणून अब्बांनी ही जुनी एसीवाली गाडी घेतली. एरवी क्लासला निघालेल्या पोरापोरींचं सामान लातूरच्या होस्टेलवर पोचवायला ती जायची. ईश्वरप्पा मिस्त्री मात्र दरवेळी एकच म्हणायचा, "गॅस कमी झालाय." आणि भरून द्यायचा.

"अब्बा, बॉनेटखालची एक नळी पांढरी झालीय. तिच्यावर बर्फ धरलाय," जिक्राने सांगून बघितलं.

"बर्फ धरला म्हणजे एसी चांगला हाय," मकबूल म्हणाला. "जा, खेळ तिकडं."

दुपारी जिक्राची अम्मी, फरीदा, मुनीबला कडेवर घेऊन धावतच बाहेर आली. त्याचे गाल लाल झाले होते आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. मकबूलने सामान तसंच ठेवून गाडी काढली. मागे गाद्यांवर सत्यम आणि त्याचे आजोबा शेषेराव आबा चढले. भूकंपात गाव गेल्यापासून आबा छपराखाली झोपत नसत. रोज रात्री ते या पिकअपच्या उघड्या हौद्यातच झोपायचे. मुनीबवर त्यांचा फार जीव होता.

औसा गाव मागे पडलं आणि दोरा खाली आला.

मकबूलने एसीचा खटका आणखी पुढे ढकलला. जाळीतून झुळूकही येईना. फरीदाच्या मांडीवर मुनीबने मान टाकली.

"अब्बा, एसी बंद करा. नुसता पंखा राहू द्या," पुढे बसलेली जिक्रा म्हणाली.

"येडी झालीस का? पोरगं भाजून निघंल."

"आत बर्फ दाटलाय. आपल्या फ्रिजमध्ये दाटतो ना, तसा. तो वितळल्याशिवाय वारा येणारच नाही. सावलीत थांबवा, अब्बा. अम्मी, तुम्ही तरी सांगा."

फरीदाने नवऱ्याकडे बघितलं. "थांबवा," ती म्हणाली. "मिस्त्रीचं लई ऐकलं आपण."

गाडी चिंचेखाली थांबली. फरीदाने पाण्याचा कॅन ओढणीवर रिकामा केला आणि ती ओली ओढणी मुनीबभोवती गुंडाळली. एसी बंद झाला. पंखा घरघरत राहिला.

"पण बर्फ धरतोच का?" मागून उतरलेला सत्यम म्हणाला. "फ्रिजचं दार उघडं राहतं म्हणून धरतो. इथं काय उघडं हाय?"

"उघडं न्हाई. बंद असंल काहीतरी," जिक्रा म्हणाली. "गाडी बाहेरून हवा कुठून ओढते?"

सत्यमने बॉनेट उचललं. काचेच्या खाली, जिथे पालापाचोळा साठतो, तिथल्या फटीत त्याने कोपरापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्याने ओढलं. ओढतच राहिला. घड्या घालून ठासून बसवलेलं पांढरं कापड बाहेर आलं. धोतराचा अर्धा भाग होता तो. सत्यमने तो ओळखला, आणि मागे वळून बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"म्याच कोंबलंय ते," शेषेराव म्हणाले.

ते पुढे गाडीजवळ आले.

"गाडीत धूळ यायची. बाळाला ठसका लागायचा. आमची पोरगी महानंदा ह्याच्याएवढीच होती. ढिगाऱ्यातून काढली तवा अंगावर साधं खरचटलं नव्हतं. नुसती धूळ होती, नाकातोंडात." त्यांनी सत्यमच्या हातातलं कापड घेतलं. "म्या म्हटलं, ह्या पोराला तरी धूळ लागू नये."

मकबूलच्या कानशिलाची शीर उडत होती. तो मुलाजवळ जाऊन बसला.

गाडीखाली पाणी ठिबकू लागलं, मग धार लागली. ओढणी वाळत आली होती. कॅनमध्ये पाणी उरलं नव्हतं. मुनीब हाकेला ओ देत नव्हता. जिक्रा दोऱ्याकडे बघत होती. तो हलला. एकदा, मग पुन्हा. मग ताठ आडवा झाला.

"आता लावा एसी, अब्बा."

गार वाऱ्याचा झोत आला तो थेट मुनीबच्या तोंडावर.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याआड होत्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरगा तापलेल्या अंगानंच आला असता तर मला काही करता आलं नसतं. वाटेत गार कुणी केलं?"

मकबूलने जिक्रा आणि सत्यमच्या पाठीवर हात ठेवला. "ह्यांनी. सकाळीच सांगत होते. म्या ऐकलं न्हाई."

शेषेराव दवाखान्याच्या पायरीवर उन्हात बसले होते. मकबूल त्यांच्याजवळ गेला.

"मी एसटीनं जातो," आबा म्हणाले. "तुमच्या गाडीत आता मी..."

"धुळीसाठी बारीक जाळी मिळती, आबा. वारा येतो, धूळ न्हाई. उद्या ही दोघं बसवतील, तुम्ही सांगा कुठं ते." मकबूलने हात पुढे केला. "आत चला. त्यो जागा झालाय."

आबा बऱ्याच वेळाने उठले. खाटेजवळ जाऊन त्यांनी मुनीबच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गार होतं. त्यांनी हात काढला नाही. मुनीबला पुन्हा झोप लागली तरी काढला नाही.