वेराची पाच मिनिटं

माझी आई माझ्या बाबांना पहिल्यांदा भेटली तेव्हा हसायची मनाई तिला होती आणि विनोद सांगायची त्यांना.

१९६१चा मार्च. क्लीव्हलंडच्या कोर्टातली नेहमीची स्टेनो गालगुंडांनी आजारी पडली, म्हणून वरच्या मजल्यावरून वेरा झुपानला, म्हणजे आईला, खाली पाठवलं. वय सव्वीस. आठ वर्षं ती वाहतुकीचे खटले टिपत होती. आरोपीच्या खुर्चीत होता मार्टी ग्रोगन. क्लबात बिशपांवर विनोद केला म्हणून अटक. ही त्याची तिसरी खेप. (मी त्याला इथे मार्टीच म्हणते. बाबा व्हायला त्याला अजून अवकाश होता.)

बाबा गेल्या फेब्रुवारीत गेले. वर्तमानपत्रांनी त्यांच्या अटका मोजल्या, बंद पाडलेले कार्यक्रम मोजले, सिनेमे मोजले. आईचं नाव अगदी शेवटच्या ओळीत आलं, ‘मागे पत्नी’ म्हणून. क्रम चुकलाय, एवढंच मला म्हणायचं आहे.

तर, कोर्ट. मार्टीच्या वकिलाने त्यालाच विनोद सांगायला लावला. त्याने सांगितलाही, पण नेमक्या शेवटच्या वाक्याला खोली गरम करणारा वाफेचा पाइप शिट्टी वाजवून मोकळा झाला. सरकारी वकील उठले. “ऐकू आलं नाही, जजसाहेब. स्टेनोने वाचून दाखवावं.”

वेराने टिपणयंत्रातला घडीघडीचा कागद वर ओढला. स्टेनोने वाचायचं ते सपाट आवाजात, चढ नाही, उतार नाही. तिने किराणाची यादी वाचावी तसं वाचलं—

“मी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेलो. म्हटलं, फादर, मी रोज क्लबात अर्ध्या कपड्यांतल्या नाचणाऱ्या बायकांच्या मधोमध उभा राहून बिशपसाहेबांची नक्कल करतो. जाळीपलीकडे बिशपसाहेब स्वतःच बसले होते. ते म्हणाले...”

इथे कागदाची घडी संपली. तिने शांतपणे घडी उलटली. सरळ केली. पुढची ओळ शोधली.

“...माहीत आहे. हात जास्त हलवतोस.”

कोर्ट कोसळलं. पोलीस हसले, सरकारी वकील खोकल्यात हसले, जजसाहेब टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. एकटी वेरा हसली नाही. आणि मार्टीही. तो तिच्याकडे बघत राहिला होता, एखाद्याने आपलं पाकीट मारावं आणि आपल्याला ते आवडावं तसा.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी त्याने तिला गाठलं.

“तो विनोद मी दोनशे वेळा सांगितलाय. असं कधी कोणी हसलं नाही. ‘म्हणाले’नंतर थांबून किती मोजलेत? तीन? चार?”

“मला आरोपीशी बोलायची परवानगी नाही.”

“बोलू नका. बोटं दाखवा.”

ती इकडेतिकडे पाहून हलकेच म्हणाली, “मोजलं नाही... कागद उलटला.”

मार्टीने भिंतीला डोकं टेकलं. “मी अकरा वर्षं घासतोय. आणि ही बाई कागद उलटते!”

चौथ्या दिवशी तो निर्दोष सुटला. पाचव्या दिवशी दुपारी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता.

“आता मी आरोपी नाही.”

“दिसताय अजून,” वेरा म्हणाली. पण थांबली.

मग रोज दुपारच्या सुट्टीच्या पाऊण तासात ते सरोवराच्या काठी जायचे. सॉसेज घातलेला पाव, वारा, आणि मार्टीचं अखंड बोलणं. तो नवे विनोद सांगायचा, ती चावत चावत ऐकायची आणि म्हणायची, “मधलं वाक्य काढा.” तो काढायचा आणि विनोद उभा राहायचा. एकदा पावसाची भुरभुर आली तेव्हा त्याने आपला कोट दोघांच्या डोक्यावर धरला. त्याचं कोपर तिच्या कानाला लागत होतं. तिने ते बाजूला केलं नाही. आई हे मला सांगते तेव्हा अजूनही कानाला हात लावते.

मेच्या सुरुवातीला तो पळतच आला.

“न्यूयॉर्कचा फोन! रविवारचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. अख्खा देश बघतो. माझ्याकडे नवीन पाच मिनिटं आहेत, त्यांना फोनवर ऐकवली, ते वेडे झाले!”

“कशावर?”

“तुमच्यावर. स्टेनो आणि आरोपी.”

वेराने पाव खाली ठेवला.

“तुमच्या आईवर पण केला होतात ना एक? ती बोलते का तुमच्याशी?”

मार्टीची आई तीन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती, हे त्यानेच सांगितलं होतं.

“यात वाईट काही नाही हो. सगळं... प्रेमानेच आहे.”

“असेल. आठ वर्षं मी लोकांचं बोलणं टिपते. लोकांच्या थापा, भांडणं, रडणं. त्यातला शब्द मी कधी घरी नेला नाही. माझाही कोणी न्यावा असं मला वाटत नाही. तुम्ही रविवारी हसवाल आणि सोमवारी पुढच्या गावाला जाल. चर्चमध्ये, बसमध्ये, कोर्टात मला इथेच राहायचंय.”

“बिशपवाला टीव्हीवर चालत नाही. हे काढलं तर माझ्याकडे काही उरत नाही, वेरा. अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही.”

“तुम्ही सांगितलंत, मी नाही म्हटलं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.”

ती उठून गेली. त्या आठवड्यात तो पायऱ्यांवर दिसला नाही.

रविवारी आठ वाजता वेराच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, बैठकीच्या खोलीत अर्धी गल्ली जमली होती, कारण टीव्ही तिच्याकडेच होता. वेरा पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापत दाराशी उभी राहिली. सुरी हातात, कान पडद्याकडे.

सूत्रसंचालक हसत म्हणाला, “मार्टी, ऐकलंय की कोर्टात एका मुलीने तुम्हाला गारद केलं?”

“हो.”

“मग सांगा की!”

मार्टीने कॅमेऱ्यात पाहिलं.

“नाही. तिने नाही म्हटलंय.”

लोक हसले, पुढे काहीतरी येणार असं त्यांना वाटलं. पुढे काही आलं नाही. सूत्रसंचालकाचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. मग मार्टीने खिशातून रुमाल काढला आणि छत्र्यांवर बोलायला लागला. फार वाईट बोलला.

“हा विनोदी आहे ना?” आजी म्हणाली. “मग हसवत का नाही? पोट बिघडलंय का त्याचं?”

“नाही, आई,” वेरा म्हणाली. तिने एवढा मोठा तुकडा कापला होता की ताटलीत मावेना.

त्यानंतर सहा वर्षं टीव्हीवाल्यांनी त्याला बोलावलं नाही. सिनेमाचं पुढे झालं, तेही त्या ‘नाही’मुळेच. एका दिग्दर्शकाच्या तो चेहरा लक्षात राहिला आणि त्याने त्याला पाद्र्याची भूमिका दिली. नंतर तो दोनदा बिशपही झाला. पण हे त्या कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी दोघांनाही माहीत नव्हतं. त्या मंगळवारी मार्टी हा फक्त पडलेला माणूस होता, आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर भिजत उभा होता.

वेरा छत्री घेऊन बाहेर आली.

“पडलात,” ती म्हणाली.

“सपशेल.”

“छत्र्यांवर पाच मिनिटं?”

“साडेतीन. बाकी वेळ घाम पुसत होतो.”

तिने छत्री त्याच्याही डोक्यावर धरली. तो उंच होता. तिला हात पार वर करावा लागला.

“ती... माझी पाच मिनिटं. आहेत अजून?”

“कागद फाडला. डोक्यात आहेत.”

“सांगा. मला एकटीला.”

मार्टीने सांगितली. फायली सांभाळत वकील जात होते, पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं, आणि हा माणूस एका छत्रीखाली, एका प्रेक्षकासमोर, हात हलवत आख्खा प्रयोग करत होता. शेवटाला तर त्याने आवाज बदलले. आरोपी स्टेनोला मागणी घालतो, स्टेनो जजकडे परवानगी मागते, जज बिशपला फोन लावतो, बिशप म्हणतो...

“शेवट लांबलाय,” वेरा म्हणाली. तिच्या गालांवर पाणी होतं. पावसाचं असेल, आई तसंच म्हणते.

“काय काढू?”

“जज काढा. बिशप काढा. फोनही नको.”

“मग उरतं काय, वेरा?”

“तो विचारतो, ती हो म्हणते. तेवढंच ठेव.”