हसून किती दिवस टाळणार?

दवाखान्याच्या पायरीवर तो दिसला आणि तुळसी थबकली. हाच तो... मोबाइलवरच्या व्हिडिओतला!

तंजावरकडच्या तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक जांभळी मागे नि तुळसी हिरवी उलगडी. डावा कान दगा देत होता. ती हसून वेळ मारून नेई. घरीसुद्धा बोलली नव्हती. स्थळं बघणं चालू होतं ना! मग एकदा बसमध्ये मोबाइलवर या दवाखान्याचा तो व्हिडिओ लागला. काही ऐकू न येताही मान डोलावून हसणारा एक तरुण, आणि शेवटी एवढंच— ‘हसून किती दिवस टाळणार?’ तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी तिनं नंबर लावला.

“तुमचा कान बरा झाला?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

तो ओशाळला. “माझा कान... ठणठणीत आहे. इथले व्हिडिओ मीच बनवतो. विश्वेश.”

“म्हणजे अस्कं खोटं, सगळंच!” ती घरच्या मराठीत पुटपुटली.

“अस्कं नव्हे,” त्यानं त्याच जुन्या तंजावरी मराठीत उत्तर दिलं. तिचे गाल तापले. “ते हसणं माझ्या आईचं आहे. तिनं असंच हसून वर्षं काढली. आम्ही फार उशिरा आलो... आता ती माझे ओठ बघून समजून घेते.”

तुळसीचा राग कुठल्या कुठे गेला.

डॉक्टर सरस्वतींनी तपासलं. कानातलं बारीकसं हाड आखडलं होतं. लहानशा शस्त्रक्रियेनं काम होणार होतं. “वेळेवर आलात,” त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी तुळसीनं घरी सगळं सांगून टाकलं.

शस्त्रक्रिया झाली. तपासणीला ती येई, तेव्हा विश्वेशला नेमकं दाराशीच काम निघे.

“तुमचा अनुभव सांगाल? कॅमेऱ्यासमोर?” एकदा त्यानं भीत भीत विचारलं.

“सांगेन. पण शब्द माझे.”

ती खुर्चीत ताठ बसली. “मी इथं आले ती व्हिडिओ बघून,” तिनं सुरुवात केली. “कान सुधारला. डॉक्टर म्हणाल्या, आता सहा महिन्यांनी या. तरी मी दर आठवड्याला येते... ते काही कानासाठी नव्हे.”

विश्वेशनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं.

“हे... हे दवाखान्याच्या पानावर टाकता यायचं नाही.”

“टाकायला सांगितलंय कुणी?” तुळसी म्हणाली. “तुम्ही बघा, म्हणजे झालं.”

त्यानं कॅमेरा बंद केला. “रविवारी आईला घेऊन तुमच्याकडे येऊ?”

“या,” ती म्हणाली, “जेवायलाच या.”